मिठाच्या पुस्तकाची शिवण

डोंगरातल्या तोर्गोय-बुलाक गावच्या शाळेत झूराकान एजेशी पुस्तकांवरून वाद घालायचा नाही, असा एक अलिखित नियम होता. एजे म्हणजे थोरली बहीण; सगळी शाळा तिला तसंच म्हणे. हेडमास्तरसुद्धा तो नियम पाळायचे. बाई छप्पन्न वर्षांची, अंगानं किरकोळ, एरवी बोलायला गोड. पण पुस्तकाचा विषय निघाला की तिच्या अंगात यायचं. एकतीस वर्षं तिनं शाळेचं ग्रंथालय सांभाळलं होतं. ग्रंथालय म्हणजे तरी काय, बॉयलरच्या भिंतीला लागून असलेली एक लांबट खोली, चार कपाटं, खिडकीशी एक टेबल. थंडीत अख्ख्या शाळेत तेवढीच खोली ऊबदार. त्यामुळे मास्तर लोक चहा प्यायला तिथंच येत आणि चहाची किंमत म्हणून एजेचं व्याख्यान ऐकून जात.

व्याख्यान ठरलेलं. "पहिली-दुसरीच्या पोराला काहीही द्या, ते चित्रं बघेल. मोठ्यांना काहीही द्या, ते वाचणारच नाहीत. खरी परीक्षा चौथी, पाचवी, सहावीत. या तीन वर्षांत पोर वाचायला लागलं तर लागलं, नाहीतर गेलं घोड्यांमागे." घोड्यांमागे गेलेल्यांपैकी दोघं आता त्याच शाळेत मास्तर होते. ते हसून चहात पाव बुडवत.

तिची रीत अशी. नारीन शहराहून पुस्तकांचं खोकं आलं की ती एकेक पुस्तक घरी न्यायची आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्वतः वाचायची. मग निकाल. ज्यात लांडगा शेवटी शहाणा होतो, हरवलेलं कोकरू पुढच्याच पानावर सापडतं, आणि सगळे मिळून गाणं म्हणतात, ती चकचकीत पुस्तकं सगळ्यात वरच्या फळीवर, तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी. "असलं पुस्तक पोराच्या डोक्यावरून हात फिरवतं आणि त्याला मूर्ख बनवतं," ती म्हणायची. जे पास होईल त्यात ती कागदाची एक पट्टी घालायची आणि पट्टीवर एका मुलाचं नाव लिहायची. पुस्तक वर्गाला द्यायचं नसतं, पोराला द्यायचं असतं, हा तिचा हट्ट. हातातलं पुस्तक संपलं की पट्टीवालं पुस्तक मिळे. पोरं कपाटापाशी मान वाकडी करून आपली पट्टी कुठल्या पुस्तकात आहे ते चोरून बघत, आणि एजे न पाहिल्यासारखं करे.

जिल्ह्याच्या बैठकीत एकदा ती उभी राहून म्हणाली होती, "एकतीस वर्षांत मी एकाही पोराला खोटं पुस्तक दिलेलं नाही." टाळ्या पडल्या. तेव्हापासून हे वाक्य तिच्या तोंडी बसलं. गर्व होता थोडा, नाही कशाला म्हणा.

पाचवीतल्या सेझिमवर तिचा विशेष जीव. अकरा वर्षांची पोर, दोन वेण्या, पुढचा एक दात अर्धा तुटलेला. बापानं कधीच राजधानीत, बिश्केकला, दुसरं घर केलेलं. आई नाझगुल चार वर्षं मॉस्कोत, एका मोठ्या दुकानात माल लावायच्या कामाला. पोर आजीपाशी, शारीपा आपापाशी वाढत होती. मंगळवार पाचवीचा पुस्तकांचा वार. घंटा होताच सेझिम पहिली धावत यायची आणि कधी पुस्तक परत देताना म्हणायची, "एजे, याचा शेवट लेखकानं घाबरून बदललाय." असं बोलणारं पोर एकतीस वर्षांत तिला तीनदा भेटलं होतं.

त्या हिवाळ्यात झूराकाननं तिच्यासाठी एक पुस्तक निवडून ठेवलं होतं. मीठ विकत गावोगाव हिंडणाऱ्या माणसाच्या मुलीची गोष्ट. एकेचाळिसाव्या पानावर त्या मुलीची आई मरते, आणि पुढची शंभर पानं ती मुलगी बापाबरोबर मिठाची गाडी ओढत जगायला शिकते. कुठंही रडकं नाही, कुठंही खोटं नाही. झूराकाननं ते दोनदा वाचलं, पट्टीवर 'सेझिम' लिहिलं आणि दुसऱ्या फळीवर ठेवलं. सेझिमनं ते पाहिलंही. "मिठाचं पुस्तक माझं ना?" "हातातलं आधी संपव."

तो मंगळवार उजाडला तेव्हा खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरलेला होता. झूराकान खोली उघडत होती, तोच मागे काठीचा आवाज आला. कासमाली आबा, शारीपाचे थोरले दीर, त्या घराण्यातले सगळ्यात वडील. ऐंशीला टेकलेले, कधी शाळेची पायरी न चढलेले. ते आत येऊन खुर्चीवर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"सूनबाई, दार लाव," ते म्हणाले. छप्पन्नाव्या वर्षीही गावाला ती सूनच. "नाझगुल गेली. रविवारी. रस्ता ओलांडताना गाडीनं उडवलं. पोरीचा मामा तिला आणायला गेलाय. शनिवारी पोचेल म्हणतात."

झूराकान कपाटाला धरून उभी राहिली. नाझगुलही याच खोलीत वाचायची. तिच्या नावाची पट्टी अजून कुठल्यातरी पुस्तकात निघाली असती.

"आणि सेझिम?"

"तिला माहीत नाही. शनिवारी सकाळी सगळे जमू, तेव्हा रीतसर सांगू. तोवर कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही. दुकानात सांगून आलो, तिच्या वर्गाच्या मास्तरांना सांगून आलो, आता तुला सांगतो."

"आबा, पाच दिवस. पोर फोन लावत असेल."

"लावते. मॉस्कोत बर्फानं तारा तुटल्या म्हणून सांगितलंय."

"अकरा वर्षांची आहे ती, शहाणी आहे. मला सांगू द्या, नाहीतर तिच्या आजीला तरी. हे असं तिला फसवणं..."

म्हाताऱ्यानं काठी एकदाच जमिनीवर टेकवली. रागावला नाही. "पुस्तकं तू वाचलीस, मी माणसं पुरलीत. मरण एकट्या तोंडानं सांगायचं नसतं, सूनबाई. एकट्यानं सांगितलं की ऐकणाऱ्याला ते एकट्यालाच उचलावं लागतं. चार वडील समोर हवेत, दोन बाया दोन्ही बाजूंनी हात धरायला हव्यात, पाणी तयार हवं. माझ्या धाकट्या लेकाचं मला एका टपालवाल्यानं रस्त्यात सांगितलं होतं. अजून तो रस्ता मला चालवत नाही."

बापजाद्यांची रीत होती, आणि म्हातारा खोटं बोलत नव्हता. तिनं मान डोलावली. आबा गेले आणि ती दाराकडे बघत बसली. 'आज बंद' अशी पाटी लावावी, असं मनात आलं. पण बर्फातसुद्धा एजेनं खोली कधी बंद ठेवली नव्हती. पाटी पाहून पोरीनं दहा प्रश्न विचारले असते. इकडे आड, तिकडे विहीर. तिनं मिठाचं पुस्तक फळीवरून काढलं, त्यातली पट्टी ओढली आणि पुस्तक टेबलाच्या खणात ढकललं.

घंटा झाली आणि सेझिम आलीच. टोपीवर बर्फ, गाल लाल.

"संपलं," तिनं जुनं पुस्तक टेबलावर ठेवलं. "आज मिठाचं."

"ते नाही आज." झूराकान रजिस्टरात बघत म्हणाली. "त्याची शिवण सुटलीय. पानं निघून येतायत. दुरुस्त करून देते."

"मी जपून वाचेन. मला शिवताही येतं, आपानं शिकवलंय."

"नाही म्हटलं ना. हे घे."

तिनं पुढं केलं ते शेळीचं पुस्तक. एका बिलंदर शेळीनं मास्तरांचं हजेरीपुस्तक खाल्लं आणि मग अख्खं गाव शेळीमागे धावलं, असली गोष्ट. वाईट पुस्तक नव्हतं. चौथीच्या पोरांना ती आवर्जून द्यायची. पण सेझिमच्या हातात ते देताना तिला स्वतःची शिसारी आली.

सेझिमनं पुस्तक उलटसुलट पाहिलं. "हे चौथीचं आहे."

"कधीकधी हसावं माणसानं."

"बरं." पोर सही करून दारापर्यंत गेली आणि वळली. "एजे, मॉस्कोतल्या तारा किती दिवसांत जोडतात?"

"मला नाही माहीत," झूराकान म्हणाली. तेवढं एक वाक्य त्या दिवशी खरं होतं.

बुधवार कसाबसा गेला. गुरुवारी दुपारी सेझिम पुन्हा आली, वार नसताना. हातात कापडात बांधलेलं काहीतरी गरम होतं.

"आपानं बोरसोक तळले. तुमच्यासाठी आणलेत. सात तळले आधी, मग खूप तळले. सण नाही, पाहुणे नाहीत, विचारलं तर म्हणाली, इच्छा झाली."

बोरसोकचा, त्या तळलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, तेलकट, गोडसर वास खोलीभर पसरला. गुरुवारी सात बोरसोक कुणासाठी तळतात हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वास वर जातो, गेलेल्या माणसाला पोचतो. सेझिमला ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण आपल्या घरात गेलंय कोण, म्हणून तिच्या मनात ते आलंच नव्हतं. झूराकाननं एक तुकडा तोंडात घातला. न खाणं अपशकुन. मनातल्या मनात नाझगुलचं नाव घेतलं आणि चावत राहिली.

"शेळीचं पुस्तक एकदम येडं आहे," सेझिम टेबलावर कोपर टेकून म्हणाली. "त्रेसष्टाव्या पानावर शेळी मास्तरांच्या खुर्चीत बसते ना, तिथं मी इतकी हसले, इतकी हसले, की आपाला मोठ्यांदा वाचून दाखवलं. आपा पीठ मळत होती. ती पण हसली असेल, खांदे हलत होते. पण भिंतीकडे तोंड करून मळत होती, म्हणून दिसलं नाही."

झूराकान उठली आणि खिडकीतून बाहेर बघत उभी राहिली. पाठीमागं पोर बोलतच होती. आईचा फोन लागला की हेच पान वाचून दाखवायचं तिनं ठरवलं होतं, पानाला खूण करून ठेवली होती. त्या वेळी सांगून टाकलं असतं तर? तोंडाशी आलं होतं. पण खोलीत ती एकटी होती. हात धरायला दुसरी बाई नव्हती, समोर वडील नव्हते. म्हाताऱ्याचा तो रस्ता तिला आठवला आणि ती गप्प बसली. भित्रेपणा होता की शहाणपण, हे तिला पुढेही कधी ठरवता आलं नाही.

शनिवारी सकाळी शारीपाच्या घरात माणसं दाटली. मामा गाडी घेऊन खिंडीच्या अलीकडे पोचल्याचा निरोप आला होता. अंगणात मयत ठेवायच्या तंबूच्या काठ्या आणून पडल्या होत्या, पण अजून कुणी हात लावला नव्हता. आधी पोरीला सांगायचं, मग तंबू. झूराकान दारापाशी बायकांच्या मागच्या रांगेत बसली. सेझिमला आणून मधोमध बसवलं. एका बाजूला मावशी, दुसऱ्या बाजूला शेजारीण. भांड्यात पाणी ठेवलेलं.

कासमाली आबा बोलू लागले. त्यांचा आवाज चांगला होता. "बाळा, पाखरं हिवाळ्यात दूर जातात. सगळीच परत येतात असं नाही. घोडा कितीही चांगला असला तरी..." ते सावकाश, पायरी-पायरीनं उतरत होते, तशीच रीत आहे. पण त्यांना एक ठाऊक नव्हतं. समोर बसलेली पोर वाचणारी होती. गोष्ट कुठं निघालीय हे तिला दुसऱ्या वाक्यालाच कळलं. तिच्या चेहऱ्यावरून ते दिसलं. म्हातारा अजून घोड्यावर होता, आणि तिनं मान वळवली. आजीकडे नाही. बायकांच्या रांगांमधून शोधत शोधत दारापर्यंत, झूराकानकडे.

रडली ती नंतर. आबांनी 'नाझगुल' म्हटल्यावर दोन्ही बायांनी तिला धरलं, पाणी पाजलं, शारीपा आपानं पाच दिवस कोंडलेला हंबरडा फोडला, बाहेर पुरुष हातातल्या काठ्यांवर वाकून रडू लागले, तंबू उभा राहिला. सगळं रीतीप्रमाणं, नीट पार पडलं. पोरीला एकटीला काहीही उचलावं लागलं नाही, हे आबांचं म्हणणं खरंच होतं. पण ती नजर झूराकानच्या मागे घरी आली.

पुढचे मंगळवार आले आणि गेले. पाचवीची मुलं येत, त्यात सेझिम नसे. शाळेत येई, वर्गात बसे, घरी जाई. बॉयलरच्या बाजूची वाट सोडून मैदानातल्या बर्फातून लांबचा फेरा घेई. झूराकान खिडकीतून बघे. पट्ट्या लिहायला बसली की तिचा हात चालेना. याला हे द्यावं का? आणि याच्या घरात काय शिजतंय, मला काय ठाऊक? पूर्वी तिला वाटायचं, चांगलं पुस्तक निवडायचं म्हणजे पुस्तक ओळखायचं. आता कळत होतं की त्यात निम्मं काम पोराच्या डोळ्याला डोळा भिडवायचं असतं, आणि तेच तिच्याच्यानं झालं नव्हतं. एका पोरीनं विचारलं, "एजे, माझी पट्टी कुठाय?" ती म्हणाली, "तुला हवं ते घे." पोरीनं भांबावून वरच्या फळीवरचं चकचकीत पुस्तक घेतलं, आणि एजेनं ते नोंदवून दिलं. चहाला आलेल्या मास्तरांनी हळूच विचारलं, "बरं नाही का?" व्याख्यान त्या हिवाळ्यात झालंच नाही.

जिल्ह्याच्या बैठकीचं पत्र आलं तेव्हा तिनं तब्येतीचं कारण कळवलं. टाळ्यांची आठवणसुद्धा नकोशी झाली होती.

नाझगुलचा चाळिसावा दिवस झाला. त्याच्या पुढच्या मंगळवारी, सगळी मुलं निघून गेल्यावर, दारात सेझिम उभी राहिली. डोक्याला काळा रुमाल, हातात शेळीचं पुस्तक. तिनं ते टेबलावर ठेवलं. त्रेसष्टाव्या पानातून खुणेचा दोरा बाहेर लोंबत होता.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

"होतं."

"मंगळवारी?"

"मंगळवारी सकाळी. आबा सांगून गेले होते."

"आणि तुम्ही मला हे दिलंत." तिनं बोटानं पुस्तक थोडं पुढं सरकवलं. "मी हसत होते. आपा भिंतीकडे तोंड करून रडत होती, आणि मी तिला मोठमोठ्यानं वाचून दाखवत होते."

झूराकानजवळ उत्तरं होती. रीत होती, आबांचा शब्द होता, पोरीचं भलं होतं. तिनं एकही काढलं नाही. "चुकले मी," ती म्हणाली. "रीत पाळली ते चुकलं असं नाही म्हणत मी. तुझ्या हातात हसायचं पुस्तक दिलं आणि वर खोटं बोलले, ते चुकलं. नुसतं म्हणायचं होतं, आज पुस्तक नाही देत. तेवढंसुद्धा मला जमलं नाही."

सेझिम कपाटापाशी गेली, दुसऱ्या फळीवर शोधलं, नव्हतं. मग टेबलाला वळसा घालून आली आणि स्वतःच खण उघडला. एकतीस वर्षांत त्या खणाला कुठल्या पोरानं हात लावला नव्हता. मिठाचं पुस्तक तिथंच होतं. तिनं ते मधोमध उघडलं, दोन्ही पुठ्ठे धरून चांगलं ताणलं, उलटं धरून झटकलं. एकही पान हललं नाही.

"शिवण घट्ट आहे," ती म्हणाली.

"हो."

"कोण मरतं यात?"

कुठल्याच मुलाला एजेनं गोष्टीतलं पुढचं आजवर सांगितलं नव्हतं. विचारणाऱ्याला ती रागवायची. "आई," ती म्हणाली.

"कितव्या पानावर?"

"एकेचाळीस."

सेझिम खिडकीशी टेबलापाशी बसली आणि वाचू लागली. झूराकान उभीच राहिली. बसावं की जावं, कळेना. बॉयलरचा घरघराट तेवढा येत होता. शाळा रिकामी झाली, शिपाई डोकावून गेला, तिनं त्याला हातानंच थांबवलं. पोर नेहमीच्या वेगानं वाचत होती, मग हळू, मग फारच हळू. एकोणचाळिसाव्या पानाशी ती थांबली. वर न बघता तिनं डावा हात टेबलावर सरकवला.

"बसा इथं," ती म्हणाली. "एका बाजूनं तरी धरा."

झूराकान बसली आणि तिनं तो हात धरला. सेझिमनं उजव्या हातानं पान उलटलं.